येझदीची टाकी: आठवडाभर धुणं, चार मिनिटं वेल्डिंग

पहिला रविवार

निपाणीजवळच्या एका तंबाखूच्या वखारीत पडून असलेली येझदी रोडकिंग मोटरसायकल बेळगावला आणली, त्याला महिना झाला. इंजिन फिरतंय, पण टाकीत लिटरभर पेट्रोल घातलं की सकाळी खाली डबकं. पेट्रोल कॉकच्या (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीच्या) नटाशेजारी जुन्या मालकानं लावलेलं इपॉक्सी खरवडलं, तर आत गंजून टाचणीएवढं भोक. टाकीतली सगळ्यात खालची जागा तीच, पाणी तिथंच साठतं. आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि आपल्याकडचा पावसाळा म्हणजे ओलच ओल. अथणी-चिकोडीकडचा ऊस आपल्या टाकीत येतोय याचं मला कौतुकच आहे, पण जुन्या गाडीत महिनोन्‌महिने पेट्रोल तसंच ठेवू नका.

या गाड्या बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. मूळ टाकी गेली तर गेलीच, म्हणून हीच वाचवायची.

सोमवार

टाकी उतरवून, पेट्रोल काढून उद्यमबागेत नेली. वेल्डर मामांनी झाकण उघडून नाक लावलं आणि टाकी परत माझ्या हातात दिली. "वास येतोय की ओ. असल्या टाकीला मी हात लावत न्हाई बघा. आधी धुवून आणा."

मामांचं बरोबर होतं. पुढचं जरा सविस्तर लिहितोय, कारण 'रिकामी टाकी आहे, लाव की टाका' असं सांगणारे खूप भेटतात. पेट्रोल जळतं ते वाफेच्या रूपात. हवेत १.४ ते ७.६ टक्के वाफ असली की स्फोटाचं मिश्रण तयार. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते, रिकामीत ती भरपूर असते. चहाच्या चमच्याएवढ्या पेट्रोलची साधारण लिटरभर वाफ होते, म्हणजे पंधरा लिटरच्या टाकीला तेवढं पुरेसं आहे. पेट्रोलला वाफ धरायला ऊन लागत नाही, शून्याखाली चाळीस अंशांनाही ते पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे टाकी उघडी ठेवली म्हणून आपोआप निघून जात नाही.

जुनी येझदी टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल घालून चालवायची. ते ऑइल आतल्या पत्र्याला चिकटून बसतं. थंड असताना वास नाही, काही नाही. वेल्डिंगची आच लागली की त्याचीही वाफ होते.

मंगळवार ते शुक्रवार

कॉस्टिक सोडा. आधी बादलीत पाणी, मग त्यात थोडा थोडा सोडा, कधीच उलटं नाही. डोळ्यांना चष्मा, हातात लांब रबरी मोजे. कढत द्रावण रात्रभर टाकीत ठेवलं, सकाळी मूठभर खडी घालून हलवलं. पहिलं पाणी चहासारखं निघालं, वर तेलाचा तवंग. तिसऱ्या वेळी साबणाचं गरम पाणी, मग साधं. ज्यांची टाकी अ‍ॅल्युमिनियमची आहे त्यांनी कॉस्टिककडे बघूसुद्धा नका, ते धातूच खातं.

शनिवार-रविवार

वास गेला असं वाटलं, तरी झाकण लावून टाकी दुपारभर गच्चीवर उन्हात ठेवली. संध्याकाळी उघडली तर वास परत! तापल्यावर पत्र्याच्या जोडातून, सांदीतून बाहेर येतोय. पुन्हा कॉस्टिक, पुन्हा धुणं. ही उन्हाची परीक्षा प्रत्येकानं करावी. पण त्यात पास झालेल्या टाकीलाही सुरक्षित समजायचं नाही.

मंगळवार: वेल्डिंग

टाकी उलटी धरली, म्हणजे भोक वर. झाकणाच्या तोंडाला रबर लावून घट्ट बंद केलं, कॉकचं भोक मात्र उघडं. तिथूनच पाणी भरलं, भोकाच्या खाली दीड इंच मोकळं राहील एवढं. पाणी पत्र्याला टेकलं तर ते आच ओढून घेतं आणि टाका नीट बसत नाही. त्या दीड इंचात टिग वेल्डिंगच्या सिलिंडरमधला आर्गॉन हा न जळणारा वायू बारीक नळीनं हळूहळू सोडत ठेवला. हवेपेक्षा जड असल्यानं तो पाण्यावर बसून राहतो आणि ऑक्सिजनला बाहेर काढतो. कॉकचं भोक शेवटपर्यंत उघडं, नाहीतर वाफेचा दाब कोंडतो.

गंजलेला पत्रा मामांनी आधी हातानं, कानशीनं साफ केला. पातळ पत्र्याची चकती बसवून टिगचे छोटे छोटे टाके, मध्ये थांबत. चार मिनिटं लागली असतील. मी श्वास धरून उभा होतो.

बुधवार

सायकलच्या पंपानं अगदी हलकी हवा भरून साबणाचं पाणी लावलं. कॉम्प्रेसर नको, टाकी फुगते. चकतीच्या कडेला एक बुडबुडा! पाणी, आर्गॉन, सगळी तयारी परत, एक टाका अजून. रॉकेलनं तपासण्याआधी साबण लावायचा तो यासाठीच, नाहीतर सगळं धुणं पहिल्यापासून.

मग आत रॉकेल आणि बाहेरून टाक्यावर खडूची भुकटी. पाणी जिथून झिरपत नाही तिथूनही रॉकेल झिरपतं आणि खडूवर लगेच डाग दिसतो.

गुरुवार सकाळ

खडू पांढराच. रॉकेल काढलं, टाकी धुवून सायट्रिक अ‍ॅसिडमध्ये ठेवलीय. गंज सुटला की खायच्या सोड्याचं पाणी फिरवायचं, लगेच वाळवून टू-स्ट्रोक ऑइलचा हात. रंग दिवाळीनंतर. तोवर कार्ब्युरेटर खोलतो.