गोरखा ते बारपाक: मदतीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

25 एप्रिल 2015 च्या भूकंपाचा केंद्रबिंदू नेपाळमधल्या याच बारपाकजवळ होता. घरं आता उभी राहिली आहेत, त्यामुळे "आम्ही घरं बांधायला आलो" म्हणत कोणी जाऊ नये. कार्तिक-मंगसिरात, म्हणजे आपल्या दिवाळीनंतर, शेतात नाचणीची कापणी असते आणि हात कमी पडतात. तिथे नाचणीला कोदो म्हणतात. आपला कोदो वेगळा, म्हणून पहिल्या दिवशी गोंधळ ठरलेला.

मुंबईहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून बसने सुनौली आणि पायी सीमा ओलांडून भैरहवा. पुढे नारायणघाट, मुग्लिन, आंबुखैरेनीमार्गे गोरखा बाजार. सीमेपासून इथवर पूर्ण दिवस धरा. बारपाकला जीप जाते, तो अर्धा दिवस वेगळा. जून ते सप्टेंबर हा बेत करू नका. नारायणघाट-मुग्लिन रस्त्यावर दरडी कोसळतात. जुलै 2024 मध्ये याच रस्त्यावर दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. दसैंच्या, म्हणजे तिथल्या दसऱ्याच्या, आठवड्यात बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि शाळाही बंद.

विमानाने गेलात तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. रस्त्यानेही तेच जवळ असू द्या. भारतीय 100 म्हणजे नेपाळी 160. सीमेवर कोणी भाव सांगितला की आधी विचारा, "आयसी की एनसी?", म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. शंभराच्या नोटा न्या, मोठ्या नोटांवरून कटकट होते. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. शनिवारी सुट्टी असते.

काम ठरवताना गावातल्या शाळेचं किंवा वॉर्ड कार्यालयाचं पत्र आधी मागवा. अनाथाश्रमाची जाहिरात आली तर नाही म्हणा: तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पैसे देऊन येणाऱ्या पाहुण्यांमुळे मुलं घरापासून तोडण्याचा धंदा चालतो. दोन आठवड्यांच्या इंग्रजी शिकवण्याचाही वर्गाला त्रासच जास्त. चैत्रात तर परीक्षा असतात. ग्रंथालयाची पुस्तकं लावून नोंदवही करून द्या. लिपी देवनागरीच आहे, म्हणून हे काम मराठी मुलांना लगेच जमतं.

डोको म्हणजे पाठीवरची बांबूची टोपली आणि नाम्लो म्हणजे तिचा कपाळावरून जाणारा पट्टा. पट्टा केसांच्या रेषेच्या जरा मागे बसवा. कपाळावर खाली घेतला की मान ओढली जाते आणि दुसऱ्या दिवशी उठवत नाही. सुरुवात 10 किलोपासून करा. शेजारची आजी चौपट उचलेल, पैज लावू नका.

भिंत रचायला बोलावलं तर एक गोष्ट लक्षात असू द्या: आतली आणि बाहेरची दगडी रांग जोडणारा आरपार दगड दर 2 फूट उंचीला आणि 4 फूट अंतराला हवाच. तो नसला की हादऱ्यात दोन्ही रांगा फुगून सुटतात. 1993 मध्ये किल्लारीतही अशाच मातीत रचलेल्या जड भिंती ढासळल्या होत्या. घाई करणारे विद्यार्थी हमखास हाच दगड विसरतात, कारण लांब दगड शोधायला वेळ लागतो.

जेवण सकाळी दहाच्या सुमाराला आणि संध्याकाळी: दाल-भात, तरकारी, गुंद्रुक (आंबवून वाळवलेली पालेभाजी). "खाना खानुभयो?" हा प्रश्न नमस्काराच्या जागी असतो, त्याला खरंखुरं उत्तर द्यावं लागत नाही. स्वतःच्या ताटातलं दुसऱ्याला देऊ नका, जुठो, म्हणजे उष्टं, मानतात. चुलीजवळ विचारल्याशिवाय जाऊ नका. वयाने मोठ्यांना दाजु-दिदी म्हणा. हिंदी पुष्कळांना येते. गोरखा पलटणीतून निवृत्त झालेले लोक इथे आहेत, आणि 1943 च्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे गजे घले बारपाकचेच.

मैत्री ओसरीवरच्या बाघचाल या पटावरच्या खेळात जमते: चार वाघ, वीस बकऱ्या, रेषा छेदतात ते पंचवीस बिंदू. वाघ बकरीवरून उडी मारून तिला खातो. बकऱ्या घ्या, आणि वीसही पटावर बसेपर्यंत एकही सरकवता येत नाही हे विसरू नका. नवखे म्हणून कडा आधी भरा, कारण कडेच्या बकरीवरून आतून बाहेर उडी मारायला वाघाला जागाच नसते. "मीत" मात्र गमतीत म्हणू नका. मीत म्हणजे भावासारखा मानलेला मित्र, आणि मीत लावणं हा विधी आहे: मग त्या घरचं सुतक तुम्हाला, आणि त्यांच्या मुलीशी सोयरीक बंद.