बोअरचा पाऊस, आभाळाचा पाऊस

सोलापूर जिल्ह्यातील एका उताराच्या, नुकत्याच वखरलेल्या शेतात जमिनीची धूप मोजण्यासाठी आम्ही कृत्रिम पावसाचे यंत्र उभे केले होते. एक चौरस मीटरच्या लोखंडी चौकटीवर ताशी 60 मिलिमीटर पाऊस पाडायचा, म्हणजे मिनिटाला जेमतेम एक लिटर पाणी. एवढ्याशा पाण्यासाठी चाललेला आमचा खटाटोप पाहून शेतमालकांना हसू आवरेना. अवघड असते ते थेंबाचा मारा खऱ्या पावसासारखा साधणे. आभाळातून पडणारा मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो; तीन मीटरवरून नुसता सोडलेला थेंब तो वेग गाठत नाही, म्हणून नोझलमधून दाबाने पाणी सोडावे लागते, आणि त्यामुळे पाऊस फार होऊ नये यासाठी नोझल सतत झुलते ठेवावे लागते.

त्या दिवशी शेजारशेजारच्या दोन चौकटींपैकी एकीवर त्याच शेतातील बोअरचे पाणी पाडायचे होते, तर दुसरीवर गच्चीवरून साठवून आणलेले पावसाचे. फरक पडणार हे वाचून ठाऊक होते, पण तो डोळ्यांना इतका स्पष्ट दिसेल असे वाटले नव्हते. पावसाच्या पाण्याखाली ढेकळे पाहता पाहता विरघळली, वर खपली धरली आणि गढूळ अपधाव (जमिनीत न मुरता वरून जाणारे पाणी) वाहू लागला. बोअरच्या पाण्याखाली मात्र तो बराच उशिरा आणि कमी गढूळ आला. बोअरच्या पाण्यातील क्षार, विशेषतः कॅल्शियम, चिकणमातीचे सूक्ष्म कण एकत्र धरून ठेवतात. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने ते कण सुटे होतात आणि मातीची छिद्रे बुजवतात. अपधावाच्या बाटल्या बांधावर ठेवल्या, तेव्हा बोअरच्या बाटलीतील गाळ जेवणाच्या सुट्टीपर्यंत तळाशी बसला होता आणि दुसरी दुसऱ्या दिवशीही गढूळच होती.

"साहेब, म्हणजे आमचं मचूळ पाणी जमिनीला चांगलंच म्हणायचं की!" शेतमालक म्हणाले. तसे नाही, हे त्यांना समजावणे भाग होते: अशा पाण्यातून सोडियम मातीत साचत गेला, तर पुढच्या खऱ्या पावसात तीच जमीन अधिक लवकर विरघळते.

कृत्रिम पावसाच्या अहवालात वापरलेल्या पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यातील क्षारांचा अंदाज देणारे माप, नोंदलेली नसेल, तर अशा काळ्या जमिनीतील धुपीचे आकडे मी आता प्रत्यक्षापेक्षा कमी असावेत असे धरूनच वाचतो.