चारचौघांत बसून काय मिळतं?

"सुचायचं ते एकट्यालाच सुचतं. मग दर आठवड्याला चारचौघांत बसून बोलण्यात वेळ कशाला घालवता?" आमच्या बैठकीचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आम्ही पाच-सात जण आहोत. कोणी गोष्टी लिहितं, कोणी चित्रं काढतं, एक जण मोडक्या फर्निचरमधून नवं काहीतरी जुळवतो, एकीला चाली सुचतात. पोटापाण्याचे उद्योग सगळ्यांचे निराळे. अट एकच, आणायचं ते अर्धवट असलं पाहिजे. पुरं झालेलं आणलं की लोक टाळ्या वाजवतात आणि बोलणं तिथेच आटोपतं.

प्रश्नाचा पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. 'सगळे जमून बसा, कल्पनांचा पाऊस पडेल' या म्हणण्यावर माझा विश्वास नाही. ॲलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकन जाहिरात-व्यावसायिकाने 1940 आणि 50 च्या दशकांत 'ब्रेनस्टॉर्मिंग'चा जोरदार प्रचार केला. टीका करायची नाही, मनात येईल ते बोलत सुटायचं, म्हणजे गटाला जास्त सुचतं, असा त्याचा दावा. 1958 मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी तो तपासला. चौघांचा गट एकत्र बसवला आणि दुसरीकडे चौघांना वेगवेगळं बसवून त्यांच्या याद्या नंतर एकत्र केल्या. एकेकट्यांची यादी मोठी भरली, आणि पुढच्या प्रयोगांतही बहुतेक वेळा तेच दिसलं. 1987 मध्ये डील आणि श्ट्रोबे या दोघांनी त्याचं मुख्य कारण शोधलं, ते अगदीच साधं निघालं: एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं. आपली पाळी येईपर्यंत डोक्यातलं निसटतं, नाहीतर 'जाऊ दे, आता काय सांगायचं' असं होतं. ऑफिसच्या मीटिंगांमध्ये बसलेल्या कोणालाही हे प्रयोगाशिवाय पटेल.

म्हणून आम्ही बैठकीत काही 'सुचवून' घेत नाही. सुचणं, खोडणं, परत लिहिणं हे ज्याचं त्याने घरी करायचं. बैठकीत काय होतं ते एका उदाहरणाने सांगते.

आमच्यातल्या एकाने गोष्ट आणली होती. नायक बऱ्याच वर्षांनी बंद घरात परततो, दिवा लावतो, टेबलावर वडिलांचं पत्र सापडतं, तो वाचतो आणि रडतो. पत्र चांगलं दीड पानाचं होतं. वाचून झाल्यावर सगळे जरा गप्प. तेवढ्यात हिशेबनीस असलेले एक काका म्हणाले, "घर इतकी वर्षं बंद होतं ना? मग दिवा लागला कसा? विजेचं बिल कोण भरत होतं?"

लेखकाचा चेहरा पडला. "अहो, ते महत्त्वाचं नाहीये," असं तो म्हणायला लागला, पण प्रश्नाला जागच्या जागी उत्तर द्यायचं नाही असा आमचा रिवाज आहे. तो प्रश्न घेऊन घरी गेला. पुढचा खर्डा आला तेव्हा पत्र पार उडालं होतं. धाकटा भाऊ, ज्याच्याशी नायकाचं बोलणं तुटलेलं, तो दर महिन्याला त्या रिकाम्या घराचं बिल भरत आला होता. नायकाला कळतं ते ड्रॉवरमधल्या पावत्यांवरून. रडणं नाही, काही नाही. गोष्ट कितीतरी वर गेली. काकांनी भावाचं काही सुचवलं नव्हतं. ते फक्त हिशेबाला अडले होते. भाऊ सुचला लेखकालाच, एकट्यालाच, घरी. पण तो प्रश्न त्याला एकट्याने पडला नसता, कारण त्याच्या डोक्यात तो दिवा पहिल्या खर्ड्यापासून लागलेलाच होता.

यातूनच बोलण्याची रीत ठरत गेली. बरीचशी उसनी आहे, ती लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेची. तिने 1990 मध्ये प्रतिसाद देण्याची चार पायऱ्यांची पद्धत बसवली. आधी पाहणाऱ्यांनी आपल्याला काय भिडलं ते सांगायचं. मग कलाकाराने स्वतःच्या शंका विचारायच्या. मग पाहणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्यात मत दडवायचं नाही. 'इतकं लांबवलंयस कशाला?' हा प्रश्न नव्हे, टोमणा आहे. मत सर्वांत शेवटी, तेही कलाकाराला हवं असेल तरच. कागदावर हे सोपं दिसतं. तिसऱ्या पायरीवर आमची अजूनही दांडी उडते, विशेषतः माझी.

याहून जुनी गंमत बेंजामिन फ्रँकलिनच्या मंडळाची. 1727 मध्ये फिलाडेल्फियात त्याने हा गट जमवला; त्यात काचकाम करणारा होता, सुतारही होता. शुक्रवारी जमायचे. प्रत्येकाने पाळीपाळीने चर्चेला प्रश्न आणायचे आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः लिहिलेलं वाचून दाखवायचं. पुढे त्यांनी ठासून बोलणं आणि तोंडावर खोडून काढणं यांवर छोटासा दंडच बसवला. आमच्याकडे दंड असता तर एव्हाना चांगली गंगाजळी जमली असती!

त्या तीन महिन्यांच्या नियमात मला खरं शहाणपण वाटतं. आपली कोणी वाट पाहतंय म्हटल्यावर माणूस बसतो. रोजच्या रगाड्यात पहिला बळी जातो तो कोणी मागितलेलं नसतं त्या कामाचा. 'त्या चालीचं काय झालं?' एवढं विचारणारं माणूस असलं की ती चाल टिकते.

तोटाही आहे, तो सांगायला हवा. काहींची हौस बोलूनच फिटते. कादंबरीचं कथानक इतकं रंगवून सांगतात की लिहायची गरजच उरत नाही. म्हणून आमच्याकडे नुसता बेत सांगता येत नाही, हातात काहीतरी हवं. एक पान, एक रेघ, चालेल.

आणि 'आम्ही कुठले कलावंत, आम्ही काय बोलणार' असं म्हणणाऱ्यांना मी काकांकडे बोट दाखवते. ते बरेच दिवस फक्त ऐकायचे. हल्ली स्वतःचं काम आणतात: आईला औषधं स्वतःची स्वतः घेता यावीत म्हणून केलेला तक्ता. पहिला रंगांचा होता. "संध्याकाळी, मंद उजेडात हे रंग ओळखू येतात का त्यांना?" असं चित्रं काढणारीने विचारलं, तेव्हापासून ते आकारांवर आलेत. सकाळ आणि दुपार पक्की झालीये. रात्रीच्या आकारावर त्यांच्या आईचं आणि आमचं एकमत होत नाहीये.