स्टोर्नोवेचा वाडा आणि माळव्याची अफू

स्कॉटलंडच्या वायव्येचं लुईस बेट म्हणजे नुसता वारा, पाऊस आणि मैलोन् मैल ओली काळी जमीन. झाड शोधून सापडत नाही. पण स्टोर्नोवे बंदरात बोट शिरली की समोर गर्द झाडी आणि तिच्यातून डोकावणारे लूज कासल या वाड्याचे बुरूज! ही झाडं लावायला मातीसुद्धा बाहेरून आणली होती. एवढी हौस करणाऱ्या धन्याचं नाव सर जेम्स मॅथेसन.

बेट आधी मॅकलाउड घराण्याचं, मग सीफोर्थच्या मॅकेन्झींचं. मॅकेन्झी कर्जात बुडाले आणि १८४४ मध्ये मॅथेसनने अख्खं बेट विकत घेतलं. पैसा चीनला अफू विकून कमावलेला. त्यातली माळव्याची अफू मुंबईहून जहाजात चढायची आणि जार्डिन-मॅथेसन कंपनीचे मुंबईतले बडे भागीदार होते जमशेटजी जीजीभॉय. होय, जे. जे. हॉस्पिटलवाले. तिकडे दवाखाना, इकडे वाडा.

बटाट्याच्या दुष्काळात मॅथेसनने लोकांना धान्य पुरवलं, हे मान्य. पण पुढे १८५१ पासून दोन हजारांवर माणसं कॅनडाला धाडली. भाडं त्याने भरलं म्हणून त्याला दानशूर म्हणणारेही आहेत. मला ते काही पटत नाही.

आणि त्याचा कारभारी डोनाल्ड मन्रो! कोकणातल्या जुन्या माणसांना खोत आठवेल. लुईसला लागूनच्या बर्नेरा बेटावरच्या कुळांची उन्हाळी कुरणं त्याने काढून घेतली. बदली जमीन दिली, तिला कुळांनी स्वतः खपून बांध घातला, तर तीही मागायला लागला. वर घरं खाली करण्याच्या नोटिसा. १८७४ मध्ये बर्नेराची माणसं थेट वाड्यावर चालून गेली. मॅथेसन म्हणाला, मला यातलं काही ठाऊकच नाही. तिघांवर खटला चालला, तिघेही सुटले. मन्रोची खुर्ची गेली. कुळांना जमिनीचं संरक्षण देणारा कायदा यायला मात्र १८८६ उजाडलं.

१९१८ मध्ये बेट लाइफबॉय साबणवाल्या लॉर्ड लेव्हरह्यूमने घेतलं. त्याला मासेमारीचा मोठा उद्योग उभारायचा होता, लोकांना शेतीचे तुकडे हवे होते. जमलं नाही. १९२३ मध्ये कंटाळून त्याने बेट रहिवाशांनाच देऊ केलं. गंमत म्हणजे बहुतेक गावांनी नको म्हटलं: कायद्याने कूळ सुरक्षित होतं, मालकी घेतली की कर भरा! स्टोर्नोवेने तेवढं घेतलं. त्या जमिनीचे विश्वस्त आजही तिथले रहिवासी मत देऊन निवडतात.