चार शेरांची पायली

दुपारी जेवून लोक आडवे होतात. मी लाइट बिलाच्या पाठीवर गुणाकार करत बसलो होतो. नव्या फोनच्या फोटोतले आडवे ठिपके 4080 गुणिले उभे ठिपके 3060. हातचे धरून, शाळेतल्या पद्धतीनं. फोनमध्येच कॅल्क्युलेटर असतो हे मला ठाऊक आहे, पण ज्याच्यावर संशय त्याचीच साक्ष काढायची हे काही बरं नाही. उत्तर आलं 1 कोटी 24 लाख 84 हजार 800. दहा लाख ठिपक्यांचा एक मेगापिक्सेल, म्हणजे साडेबारा मेगापिक्सेल, तेही पुरते नाहीत. आणि बाजेवर पडलेल्या फोनच्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापलेलं 50.

फोन भाच्यानं आणून दिलेला. "मामा, पन्नासचा हाय," असं तो म्हणाला, जसं पूर्वी सोयरीक जमवताना "पन्नास एकराचा धनी हाय" असं सांगत. परभणीच्या माणसाला मोठ्या आकड्याचं वावडं नाही. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणणारे आम्ही. मी मान डोलावली आणि खोकं मात्र जपून ठेवलं. खोक्यावर छापलेलं आत भरतंय का, हे बघितल्याशिवाय मला झोप लागत नाही. काड्यापेटी आणली की काड्या मोजायच्या. बनियनचा पुडा आणला की छातीवर टेप लावायचा, आपल्या नाही, बनियनच्या. बायको म्हणते, तुम्ही वजनमापाच्या खात्यात पाहिजे होता, उगीच कारकुनीत आयुष्य काढलं. त्या दिवशीही जेवताना वरणात खडा लागला, आठवड्यातला तिसरा, तेव्हा मी घास बाजूला ठेवून किराणा दुकानदाराच्या सात पिढ्यांचं माप काढलं होतं. डाळीत खडे मिसळून वजन वाढवतात, मला सगळं कळतं. आई काही बोलली नाही.

ही खोड आबांची. आबा म्हणजे माझे आजोबा. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ज्वारी घ्यायला गेले की आबा मापाकडं बघत नसत, मापाड्याच्या अंगठ्याकडं बघत. पायली म्हणजे चार शेरांचं माप, ते धरताना अंगठा आत गेला की अंगठ्याएवढी जागा गेली. दहा पायल्यांना दहा अंगठे. मी त्यांच्या धोतराला धरून उभा असायचो, नाकात पोत्याचा वास आणि डोळ्यांत धूळ. मापाडी पहिली पायली ओतताना "एक" म्हणत नसे. "लाभ" म्हणायचा. लाभ... मग दोन... तीन... गाण्यासारखा हेल काढून. मला वाटायचं, लाभ नावाचा आकडा असतो आणि शाळेत गुरुजी तो आमच्यापासून लपवून ठेवतात.

धान्य मोजणं ही काय चीज आहे ते मी तिथं बघितलं. हलक्या हातानं भरलेली पायली आत पोकळ राहते. तीच जमिनीवर दोनदा आदळली की वरून मूठ-दोन मुठी आणखी बसतात. म्हणून आम्ही विकायला गेलो की मापाडी आदळून भरायचा आणि आम्ही काही घ्यायला गेलो की तोच हात फुलासारखा हलका व्हायचा. शिवाय शीग. पायलीच्या तोंडावर दाण्यांचा डोंगर चढवत न्यायचा, एकेक दाणा घरंगळायला लागेस्तोवर. शीग कुठं संपली यावरून आबांची जी भांडणं व्हायची त्यांत दोन्ही बाजूंनी आयाबहिणींचा उद्धार होई आणि मग एकाच बिडीबंडलातून दोघं बिडी ओढत बसत. सरकारनं 1956 साली कायदा करून किलो-लिटर आणले, पुढं मोंढ्यात काटे आले, पण आबा शेवटपर्यंत किलोला "तुमचं ते" म्हणत.

तर मी भाच्याला फोन लावला. म्हटलं, तुझ्या पन्नासातले साडेबाराच भरायलेत. तो हसला. "मामा, चार पिक्सेल मिळून एक करतंय ते. बारक्या चार ठिपक्यांचा उजेड एकात गोळा होतो, फोटो साफ येतो."

"म्हणजे चार शेरांची एक पायली."

"काय?"

त्याला पायली कुठून माहीत असणार. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पन्नास शेर भागिले चार म्हणजे बरोब्बर साडेबारा पायल्या. धान्य तेवढंच आहे. सांगताना शेरात सांगतात, पदरात घालताना पायलीत घालतात. खोटं कुणीच बोललेलं नाही. आता दोनशेचे फोन निघालेत म्हणे. तिथं सोळा ठिपक्यांचा एक करतात, म्हणजे आपण काही बदललं नाही तर पदरात पुन्हा साडेबाराच. दोनशेवाला आणि पन्नासवाला एकाच पंगतीत.

भाच्यानं सांगितलं तसं बटण दाबून पुरं माप मागितलं. 8160 गुणिले 6120. पुन्हा लाइट बिल. 4 कोटी 99 लाख 39 हजार 200. पन्नासाला 60 हजार 800 कमी! आबा असते तर तेवढ्यासाठी भर उन्हात मोंढ्यात परत गेले असते. मी सोडून दिलं. उतारवयात माणूस उदार होतो.

पण नुसत्या गुणाकारावर जाऊ नये, हे मी ठेच खाऊन शिकलोय. मागं एका टपरीवरून स्वस्तातला फोन घेतला होता, पाठीवर चमकदार स्टिकर, 12 मेगापिक्सेल. गुणाकार चोख येत होता. फोटो मोठा करून बघितला तर माणसांचे चेहरे पिठल्यासारखे. आत कॅमेरा बारका, आणि फोनच मधले ठिपके अंदाजानं भरून फोटो ताणून मोठा करत होता. पाहुणे वाढले की ताकात पाणी घालतात तसं. घागर भरलेली दिसते, ताक तेवढंच.

म्हणून खरी परीक्षा वर्तमानपत्राची. अंगणातल्या दोरीला कालचा पेपर चार चिमट्यांनी ताणून लावला, फोन गव्हाच्या डब्यावर टेकवला, म्हणजे हात हलल्याची तक्रार नको. पेपरपासून दहा फरश्या लांब. बाजारभावाच्या रकान्यातला "सोयाबीन" हा शब्द मुक्रर केला. अक्षरं बारीक, वेलांट्या-काने भरपूर, आणि आमच्याकडं सगळ्यांच्या जिवाशी लागलेला. एक फोटो पायलीच्या मापानं, एक शेराच्या.

"काय करायलास उन्हात?" आईनं ओसरीवरून विचारलं. ती सुपात तुरीची डाळ घेऊन निवडत बसली होती.

"माप बघायलोय."

"कशाचं?"

मी उत्तर दिलं नाही. मोठं करून बघितलं. पायलीच्या फोटोत "सोयाबीन"ची वेलांटी शिरोरेषेला चिकटून गेलेली, शेराच्या फोटोत ती सुटी दिसत होती. म्हणजे उन्हात पुऱ्या मापाचा थोडा फायदा आहे, चौपट म्हणावा असा मात्र अजिबात नाही. तोच पेपर माजघरात खुंटीला लावून बघितला तर शेराचा फोटो रवाळ, अक्षरांवर मुंग्या चढल्यासारख्या. अंधारात पायलीच बरी. आणि भिंग तरी केवढं? तुरीच्या दाण्यापेक्षा फार मोठं नसेल. एवढ्याशा खिडकीतून पाच कोटींची वरात आत न्यायची म्हणजे चेंगराचेंगरी व्हायचीच.

त्यातही एक गंमत आहे, ती मला फार आवडली. या ठिपक्यांना रंग कळत नाहीत. प्रत्येकावर रंगाची बारकी काच बसवलेली असते, निम्म्यांवर हिरवी, पाव हिश्शावर तांबडी, पाव हिश्शावर निळी. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची ही युक्ती, 1976 साली तिचं पेटंट निघालं. हिरव्याला निम्मा वाटा, कारण आपला डोळा हिरव्यालाच जास्त चाणाक्ष. म्हणजे पन्नासातले पंचवीस फक्त हिरवं बघतात, साडेबारा फक्त तांबडं, साडेबारा फक्त निळं, आणि जे दिसलं नाही ते शेजाऱ्याला विचारून भरतात. माझ्या फोनात तर चार-चार ठिपके एकाच रंगाच्या काचेखाली दाटीवाटीनं बसवलेत, त्यामुळं वेगळ्या रंगाचा शेजारी आणखी लांब. पुरं माप मागितलं की लांबची साक्ष काढावी लागते. आमच्या गावात बांधाच्या भांडणाचा पंचनामा असाच व्हायचा.

बरं, एवढं माप करायचं काय? अल्बममध्ये लावतात तो चार बाय सहा इंची फोटो चांगल्या छपाईत निघायला 1800 गुणिले 1200 ठिपके बास झाले. बावीस लाखांच्या आतला मामला. आणि आता अल्बम तरी कोण लावतंय? व्हॉट्सॲपवर टाकला की तिथं तो आणखी चेपतात. पन्नास शेर दळायला द्यायचे आणि घरी आणायचं चिमूटभर पीठ.

असाच एक मेसेज फिरत असतो, माणसाचा डोळा 576 मेगापिक्सेलचा असतो म्हणून. पाठवणारे भक्तिभावानं पाठवतात. डोळ्याला असलं माप लावताच येत नाही. मधला एवढासा ठिपका सोडला तर कडेचं सगळं आपल्याला अंधुकच दिसतं, नजर सारखी इकडंतिकडं फिरते म्हणून कळत नाही. आणि पायलीचा हिशेब तिथंही सुटलेला नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर अंधारात बघणाऱ्या पेशी बारा कोटींच्या घरात, रंग बघणाऱ्या साठेक लाख, आणि मेंदूकडं जाणाऱ्या तारा जेमतेम दहा-बारा लाख. म्हणजे देवाघरचा मापाडीही ओंजळी-ओंजळी गोळा करून एकच पायली पुढं सरकवतो. हे वाचल्यापासून फोनवरचा माझा राग अर्धा कमी झाला.

ऊन कलायला लागलं तसं म्हटलं, अक्षरं झाली, आता पान बघू. अंगणात कडुलिंब आहे. त्याच्या पानाला करवतीसारखे दाते असतात. दाते सुटे दिसले तर कॅमेऱ्याला पास करायचं असं ठरवून ओसरीच्या पायरीवर बसलो आणि पुऱ्या मापानं एक फोटो काढला. दाते दिसले. सगळ्या पानांचे नाही, पण दिसले. मी बोटानं फोटो सरकवत सरकवत कडेला आलो, तर कोपऱ्यात आई आली होती. सात-आठ फुटांवर, सूप मांडीवर घेऊन.

उगीचच मोठं केलं. आधी हातावरचं गोंदण दिसलं, फिकट हिरवं. मग काकणाखाली पडलेला वळ. मग सूप. सुपाच्या एका बाजूला निवडलेली डाळ, पिवळीधमक, आणि तिच्यात काळे ठिपके. मला वाटलं, हीच ती फोनची ठिपकेबाजी, शेराच्या मापात येणारी. आणखी मोठं केलं. एक, दोन, तीन... ठिपक्यांना कडा होत्या. सावल्या होत्या. आणि आईचा चेहरा सुपाकडं नव्हताच. ती समोर भिंतीकडं बघत होती, बोटं तेवढी डाळीतून फिरत होती. चाचपत.

मान वर करून बघितलं. तसंच चाललं होतं.

"आई, सूप इकडं दे."

"कामून?"

"असंच. मी निवडतो."

"तुला जमंल व्हय? चष्मा घाल आधी."

चष्मा घातला. सूप मांडीवर घेऊन उजेडाकडं तोंड करून बसलो. ती शेजारी सरकली, पदरानं घाम टिपला आणि रिकाम्या हातांना काय काम द्यावं ते न कळल्यासारखी पेपरचे चिमटे मोजायला लागली.

पहिला खडा चिमटीत आला, तो मी उंबऱ्याकडं टाकला. तोंडातून कसं कोण जाणे, "लाभ" निघून गेलं.

"कशाचा लाभ रे?" तिनं विचारलं.

मी दुसरा शोधायला लागलो.