आडनाव, नाव आणि उरलेलं सगळं

भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला सांगितलं की अमेरिकेत खरेदी-विक्रीचा, कर्जाचा, चेकचा कायदा प्रत्येक राज्य आपापला करतं, तर त्याला ते खरं वाटत नाही. आपल्याला सवय असते एकाच कायद्याची. करार म्हटला की १८७२ चा, चेक म्हटला की १८८१ चा, माल विकला की १९३० चा. बार्शीत जो, तोच गुवाहाटीत. (जम्मू-काश्मीरचे करार आणि माल विक्रीचे कायदे वेगळे होते, तेही २०१९ मध्ये गेले.) इंग्रजांनी कलकत्त्यात, पुढे दिल्लीत बसून कायदा केला आणि लागू केला. बार्शीच्या व्यापाऱ्याला कुणी विचारायला आलं नव्हतं.

इथे विचारावं लागतं. पन्नास विधानसभांना, एकेक करून.

मी पेन्सिल्व्हेनियात, हॅरिसबर्गच्या जवळ, एका छोट्या वकिली ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलांची कागदपत्रांची मदतनीस, आहे. आमचे अशील बहुतेक बँका, आणि त्यांचे कर्जदार म्हणजे पेट्रोल पंपवाले, मोटेलवाले, किराणा दुकानवाले. यात आपली माणसं भरपूर. माझं मुख्य काम यूसीसी-१ नावाचा फॉर्म भरणं. ‘युनिफॉर्म कमर्शियल कोड’ हे त्या कायद्याचं पूर्ण नाव, आणि त्यातलं नववं प्रकरण म्हणजे माझी भाकरी.

प्रकरण नऊ काय करतं? माझ्या वडिलांचं बार्शीत भुसार मालाचं दुकान होतं. आत भिंतीवर बँकेची पाटी: ‘या दुकानातील माल अमुक बँकेकडे नजरगहाण आहे.’ माल दुकानात, ताबा आमचा, हक्क बँकेचा. दुसऱ्या कुणी त्याच मालावर उधार देऊ नये म्हणून ती पाटी. इथे भिंतीवर पाटी नसते. बँक राज्याच्या नोंदवहीत यूसीसी-१ दाखल करते आणि नवा सावकार कर्ज देण्याआधी तिथे शोध घेतो. शोध कशावरून? कर्जदाराच्या नावावरून. बाकी काही नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नाही, जन्मतारीख नाही. नाव चुकलं तर नोंद असून नसल्यासारखी.

आधी हा कायदा आला कसा ते सांगते, कारण मला त्यातली माणसं आवडतात. राज्यांचे कायदे सारखे व्हावेत म्हणून १८९२ पासून राज्यांनी नेमलेल्या वकिलांचं एक मंडळ काम करत होतं. चेक-हुंड्यांचा एक नमुना कायदा १८९६ ला, माल विक्रीचा १९०६ ला. पण तारणाचा गोंधळ तसाच होता. एका राज्यात चॅटल मॉर्गेज (जंगम वस्तूचं गहाण), दुसऱ्यात कंडिशनल सेल (पैसे फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याची), तिसरीकडे ट्रस्ट रिसीट (माल दुकानदाराकडे, पण सावकाराच्या वतीने), प्रत्येकाची नोंद वेगळ्या खिडकीवर. आमच्या पेन्सिल्व्हेनियात तर हप्त्याने विकलेली वस्तू कागदावर भाड्याने दिलेली दाखवायची पद्धत होती. सगळ्यांना ठाऊक असायचं की ही विक्री आहे, आणि सगळे ‘भाडं’ म्हणून सह्या करायचे.

हे सगळं एका कायद्यात आणायच्या कामाचा प्रमुख होता कार्ल लेवेलिन. हा अमेरिकन माणूस पहिल्या महायुद्धात जर्मन बाजूने लढला आणि त्याला आयर्न क्रॉस हे जर्मन शौर्यपदक मिळालं होतं. त्याची दुय्यम प्रमुख सोया मेंचिकॉफ, मॉस्कोत जन्मलेली, हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये शिकवणारी पहिली बाई. पुढे दोघांनी लग्न केलं. लेवेलिनचं म्हणणं असं की व्यापारी प्रत्यक्ष जसा व्यवहार करतात ते आधी बघा, मग कलम लिहा. १९५२ ला मसुदा छापला गेला, १९५३ ला पेन्सिल्व्हेनियाने सगळ्यांत आधी मंजूर केला. न्यूयॉर्कने मात्र ‘आधी नीट तपासतो’ म्हणून काही वर्षं तो चाळला, दुरुस्त्या करायला लावल्या आणि १९६२ ला मान डोलावली. लुइझियाना अजून पूर्ण आलेलं नाही. त्यांची परंपरा फ्रेंच-स्पॅनिश, त्यामुळे माल विक्रीचं प्रकरण त्यांनी घेतलेलंच नाही. मला त्यांचा राग येत नाही. चालत आलेली पद्धत ठीक चालली असेल तर बदलायची कशाला?

तर जवळजवळ सगळीकडे एकच कायदा झाला. आणि आता नावाकडे येते.

फॉर्मवर रकाने असे: आडनाव, पहिलं व्यक्तिगत नाव, इतर नावं किंवा आद्याक्षरं. हा रकाना कुणी केला असेल त्याने महाराष्ट्र पाहिलेला नाही. आपलं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर ‘दत्तात्रय’, बँकेत फक्त ‘डी’, दुकानाच्या करारावर काहीच नाही. बाईचं आडनाव पासपोर्टवर माहेरचं, लायसन्सवर सासरचं. दक्षिणेकडच्या एखाद्याचा पासपोर्ट एकाच नावाचा असेल तर त्याच्या लायसन्सवर पहिल्या नावाच्या जागी चक्क ‘एफएनयू’ छापून येतं, म्हणजे ‘फर्स्ट नेम अननोन’. तो बिचारा आयुष्यभर ‘मिस्टर अननोन’.

हा घोळ फक्त आपलाच नव्हता. कॅन्ससमध्ये एका शेतकऱ्याचं खरं नाव टेरन्स, पण नोंदीत ‘टेरी’ लिहिलं होतं. २००४ ला कोर्टाने ठरवलं की ही नोंद टिकत नाही, आणि अवजारांवरचा सावकाराचा हक्क गेला. मग २०१० ला दुरुस्ती आली, २०१३ च्या जुलैपासून बहुतेक ठिकाणी लागू: माणसाचं नाव त्याच्या चालू ड्रायव्हिंग लायसन्सवर जसं आहे तसं. पण इथेही दोन पर्याय ठेवले. पर्याय ‘अ’ म्हणतो, लायसन्सवरचंच नाव. पर्याय ‘ब’ म्हणतो, लायसन्सवरचं चालेल, इतर योग्य नावही चालेल. बहुतेक राज्यांनी ‘अ’ घेतला, काहींनी ‘ब’. एकच कायदा करायला बसलेल्या लोकांनी दोन पर्याय छापले, यावर आमच्या ऑफिसात अजून हसतात. मी हसत नाही. दोन पर्याय ठेवले नसते तर काही विधानसभांनी दुरुस्तीच नाकारली असती.

शिवाय शोध घेणारं सॉफ्टवेअर प्रत्येक राज्याचं आपलं. अनेक ठिकाणी ते स्वल्पविराम, टिंब, कंपनीच्या नावामागचं ‘इन्क’, ‘एलएलसी’ वगळून जुळवतं. खरं नाव टाकून अशा ठरलेल्या शोधात नोंद सापडली, तर नावातली चूक माफ. फ्लोरिडात २०२२ ला एका कंपनीच्या नावात ‘बुलेवार्ड’ असताना नोंदीत त्याचा संक्षेप ‘बीएलव्हीडी’ लिहिला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फ्लोरिडाच्या शोधाला ठरावीक जुळणीचा नियमच नाही, त्यामुळे चुकीला सवलतही नाही. कलम सगळ्या राज्यांत जवळपास तेच, निकाल मात्र एका संक्षेपावर फिरला.

आणखी एक किस्सा नव्या मुलींना मी पहिल्या आठवड्यात सांगते. २००८ मध्ये जनरल मोटर्सचं सुमारे ३० कोटी डॉलरचं एक कर्ज फिटत होतं. रद्द करायच्या नोंदींच्या यादीत जेपी मॉर्गन बँकेने जनरल मोटर्सला दिलेल्या १५० कोटी डॉलरच्या वेगळ्याच कर्जाची नोंद घुसली. वकिलांनी पाहिलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. डेलावेअर राज्यात तो रद्द करायचा फॉर्म दाखल झाला. पुढच्या वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. तो फॉर्म चुकून दाखल झाला होता हे सगळ्यांना मान्य, तरी २०१५ ला कोर्टाने तो वैध धरला, कारण दाखल करायला परवानगी दिली होती. कायद्याला तुमच्या मनात काय होतं यात रस नाही.

आता याच कोडच्या नव्या, बाराव्या प्रकरणाची गडबड आहे. २०२२ च्या दुरुस्तीत डिजिटल मालमत्तेसाठी ते घातलं. बऱ्याच राज्यांनी मंजूर केलं, पण २०२३ ला साउथ डाकोटाच्या तेव्हाच्या राज्यपाल क्रिस्टी नोएम यांनी विधेयक परत पाठवलं. सरकारी डिजिटल डॉलर मागच्या दाराने येईल ही भीती. मसुद्यात तसं काही नव्हतं, पण भीतीला मसुदा वाचायची गरज नसते.

इथे धंदा करणारे कुणी हे वाचत असतील तर कामाचं तेवढं सांगते. राज्याच्या वेबसाइटवर आपलं नाव टाकून बघा, लायसन्सवर आहे तसंच. दुसऱ्या राज्यात राहायला गेलात की बँकेला कळवा, कारण जुन्या राज्यातली नोंद तुमच्यामागे चार महिनेच चालते आणि तेवढ्यात बँकेला नव्या राज्यात नवी नोंद करावी लागते. यूसीसी-१ एरवी पाच वर्षांनी आपोआप संपतो, पण तोवर फिटलेलं कर्जही तुमच्या नावावर दिसत राहतं आणि नवा सावकार बिचकतो. कर्ज फिटलं की बँकेकडे सही केलेल्या पत्राने रद्द करायची मागणी करा. मागणी मिळाल्यापासून २० दिवसांत त्यांनी ते केलं पाहिजे. नाही केलं तर झालेल्या नुकसानीशिवाय वर ५०० डॉलर मागता येतात. पत्राची एक प्रत आणि पोच जपून ठेवा.