कमरेचा एमआरआय आणि दुखणारी दुसरीच जागा

२०२४ च्या जून महिन्यात भांडुप स्थानकाचा जिना चढताना माझ्या उजव्या नितंबात पहिल्यांदा कळ आली. ती जागा मला तेव्हाही नेमकी दाखवता येत होती. पाठीवर कमरेखाली दोन बाजूंना ज्या खळ्या दिसतात, त्यांपैकी उजव्या खळीच्या आत ती होती. दोन आठवड्यांत अंथरुणात कूस बदलणेही कठीण झाले. संध्याकाळी अंग थोडे तापत असे, ते मी पावसात भिजण्याच्या खात्यावर टाकले. वजन चार किलोंनी उतरले, आणि त्याचा तर मला चक्क आनंद झाला होता.

ज्या डॉक्टरांकडे प्रथम गेले, त्यांनी सर्व ऐकून घेतले, सायटिका, म्हणजे कमरेतून पायात जाणारी नस दबल्याचे दुखणे, असल्याचे सांगितले आणि कमरेच्या मणक्यांचा एमआरआय लिहून दिला. त्यांनी मला तपासणीच्या टेबलावर झोपवले नाही, हे मला पुष्कळ नंतर आठवले. रिपोर्टमध्ये चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील चकती किंचित बाहेर आल्याचे म्हटले होते. चाळिशीत कसलीही वेदना नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही असे दिसते, परंतु त्या वेळी मला कारण सापडल्याचे समाधान वाटले आणि मी महिनाभर शेक, पट्टा व व्यायाम यांत घालवला. कंबरेच्या एक्स-रेमध्येही काही आढळले नव्हते. माझे दुखणे पुढे त्या खळीच्या आतल्या सांध्यातील जंतुसंसर्ग निघाले, आणि अशा संसर्गाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे बहुधा स्वच्छच येतो. हाडाची झीज पुरेशी झाल्यावरच ती त्यात उमटते. त्यातून माकडहाडाच्या वरच्या त्या भागावर आतड्यातील वायूची सावली पडत असल्याने चित्र आणखी धूसर होते.

ऑगस्टमध्ये परळच्या एका अस्थिरोगतज्ज्ञांनी मला उताणे झोपवले, उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवला आणि उजवा गुडघा हलकेच खाली दाबला. मी ओरडले. कळ नेमकी त्या खळीत आली होती. ते म्हणाले, "ताई, हे मणक्याचे दुखणे नाही. त्रिकास्थी, म्हणजे माकडहाडाच्या वरचे त्रिकोणी हाड, आणि कमरेचे रुंद हाड जिथे जुळतात, तो सांधा दुखतो आहे." त्यांनी माझा जुना एमआरआय प्रकाशपेटीवर लावून दाखवला. मणक्यांच्या त्या उभ्या छेदांमध्ये त्रिकास्थीचा मधला भाग आला होता, पण दोन्ही बाजूंचे सांधे चौकटीबाहेरच राहिले होते. यंत्राने काही चुकवले नव्हते, आम्ही त्याला वेगळाच प्रश्न विचारला होता.

दुसऱ्या एमआरआयसाठी आधी मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासावे लागले, कारण सुजलेला भाग चित्रात उठून दिसावा म्हणून शिरेतून गॅडोलिनियमचे इंजेक्शन द्यायचे होते आणि ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मंगळसूत्र सहज निघाले. जोडव्यांनी मात्र साबणपाणी लावूनही पंधरा मिनिटे छळले, आणि बाहेर ताटकळणाऱ्या यजमानांना आत काहीतरी गंभीर घडले असे वाटले. नळीसारख्या त्या यंत्रात सुमारे पाऊण तास ठोकाठोकीचा आवाज ऐकत न हलता पडून राहणे, एवढेच आपले काम असते. किरणोत्सर्ग नसतो. दुखऱ्या बाजूखाली घडी घातलेला टॉवेल मागून घ्यावा, एवढे मात्र मी आवर्जून सांगेन.

चित्रांचा अर्थ डॉक्टरांनी समजावला तेव्हा या तपासणीचे सामर्थ्य कळले. मोठ्या माणसाच्या हाडातील मज्जेत चरबी पुष्कळ असते. एका विशिष्ट पद्धतीच्या चित्रांत या चरबीचा उजेड मालवला जातो, त्यामुळे निरोगी हाड काळसर दिसते आणि सुजेमुळे जिथे पाणी साठले असेल, तेवढीच जागा पांढरी उजळते. माझा डावा सांधा काळा होता. उजव्या सांध्याच्या दोन्ही काठांची हाडे पांढरी होती, फटीत द्रव होता आणि सांध्यासमोर कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूला असलेल्या इलियाकस स्नायूमध्ये पुवाची छोटी पिशवी होती, जिची फक्त कड इंजेक्शननंतर उजळली होती. याच सांध्याला सूज आणणारा संधिवात बहुतेकदा दोन्ही बाजूंना होतो आणि हाडापुरता राहतो. सूज एकाच बाजूला असून सांध्याची वेस ओलांडून स्नायूंत शिरली असेल, तर जंतुसंसर्गाचा संशय बळावतो.

जंतू कोणता, हे मात्र चित्र सांगत नाही. तो नेहमीचा पू करणारा स्टॅफिलोकॉकस असू शकतो, जनावरांकडून किंवा कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेला असू शकतो, किंवा आपल्याकडे कायम ध्यानात ठेवावा लागणारा क्षयरोगाचा. प्रकृती तोलून पाहून डॉक्टरांनी नमुना घेईपर्यंत एकही प्रतिजैविक दिले नाही, कारण आधी औषध पोटात गेले की जंतू वाढवून ओळखणे अवघड होते. सीटी स्कॅनच्या टेबलावर मला पालथे झोपवले, जागा बधिर केली आणि मध्येमध्ये चित्र घेत सुई मागून सांध्यात नेली. दाब जाणवला, वेदना सोसण्याजोगी होती. नमुना एका बाटलीत न घालता पॅथॉलॉजी, साधे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी), क्षयरोगाचे कल्चर आणि सीबीनॅट (क्षयरोगाचे जंतू त्यांच्या जनुकांवरून झटपट ओळखणारी चाचणी) असा वाटून पाठवला. सीबीनॅटचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले: क्षयरोगाचे जंतू आहेत आणि रिफाम्पिसिन या क्षयरोगावरील मुख्य औषधाला दाद देणारे आहेत. कल्चरचा अहवाल पुढे काही आठवड्यांनी आला.

पहिले दोन महिने चार औषधे आणि नंतर तीन, असे किमान वर्षभराचे उपचार ठरले. रिफाम्पिसिनमुळे लघवी केशरी होईल हे आधी सांगितल्यामुळे घाबरले नाही. क्षयरुग्णांची नोंद ठेवणाऱ्या निक्षय या सरकारी संकेतस्थळावर नोंद झाली. पोषणासाठी मिळणारी मासिक रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तिसरा एमआरआय झाला. पुवाची पिशवी नाहीशी झाली होती, परंतु हाडातील पांढरेपणा अजून बराच होता, तो पाहून माझा चेहरा पडला. डॉक्टरांनी ती फिल्म बाजूला ठेवली, मला झोपवून तोच गुडघा दाबला आणि मी गप्प राहिले तेव्हा म्हणाले, की हाडातील सूज चित्रातून सर्वांत शेवटी जाते.